नभोनाट्य आणि अनुरणन

नाटकाचे परीक्षण करणारा टीकाकार संहितेविषयी लिहितो, नटांच्या वाचिक अभिनयाविषयी लिहितो, आणि प्रयोग रंगभूमीवरचा असेल तर नेपथ्याविषयीही चार शब्द खर्च करतो. नभोनाट्याच्या विचारात मात्र हे तिसरे अंग बहुधा गाळलेच जाते. जेथे पडदा नाही, रंगभूषा नाही, तेथे नेपथ्य कोठून असणार, अशी समजूत याच्या मुळाशी असावी. ही समजूत बरोबर नाही. नभोनाट्यालाही नेपथ्य असते. ते डोळ्यांना न दिसता कानांना ऐकू येते, इतकेच. शब्द उच्चारला गेल्यावर भोवतालच्या भिंती त्याला जे परत देतात, ते अनुरणन हेच हे नेपथ्य होय. त्याचा उपयोग केव्हा सार्थ आणि केव्हा पोकळ, हा प्रश्न यंत्रज्ञांवर सोपवून टीकाकाराने स्वस्थ बसावे अशातला नाही.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली तर ती पुनःपुन्हा, सुटी सुटी ऐकू येते. मूळ ध्वनी आणि परतलेला ध्वनी यांत सुमारे एक-दशांश सेकंदाचे अंतर पडले म्हणजे कान त्यांना वेगळे ओळखतो, हा प्रतिध्वनी. सामान्य दालनात ध्वनी अनेक पृष्ठभागांवरून इतक्या त्वरेने परततो की असे सुटेपण उरत नाही. मूळ ध्वनीच रेंगाळून हळूहळू विरतो असे वाटते. हे अनुरणन. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे श्रोत्यांना समजेना, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे त्याचा उपाय शोधण्याचे काम आले. दुसऱ्या एका नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून, त्या दालनात पसरून, ध्वनी विरावयास किती वेळ लागतो हे तो मोजीत बसे. रिकाम्या दालनात हा वेळ साडेपाच सेकंदांच्या सुमारास होता. गाद्या वाढतील तसतसा तो घटे. दालनाचे घनफळ मोठे तर अनुरणन दीर्घ, शोषक वस्तू अधिक तर ते आखूड, हा त्याने बांधलेला नियम आजही पायाभूत मानला जातो. भाषणास एका सेकंदाच्या आतबाहेरचे अनुरणन मानवते, तर वाद्यवृंदास दोन सेकंदांच्या जवळपासचे लागते.

१९२२ साली इंग्लंडात ध्वनिक्षेपण सुरू झाले, तेव्हा या शास्त्राचा पहिला परिणाम विपरीतच झाला. समोर बसलेल्या मनुष्याचे बोलणे आपण दोन कानांनी ऐकतो आणि खोलीचा घुमारा नकळत बाजूस सारतो. एकटा मायक्रोफोन ही निवड करीत नाही. भिंतीने दिलेले सगळे तो इमानाने पुढे पाठवतो. त्यामुळे लंडनच्या सॅव्हॉय हिल येथील आरंभीची ध्वनिगृहे जाड पडद्यांनी मढवण्यात आली. घुमारा गेला, पण त्याबरोबर संगीताचा प्राणही गेला. मग भिंतींनी हिरावलेले परत देण्यासाठी एक युक्ती निघाली. मूळ आवाज तारेने दुसऱ्या एका रिकाम्या, कठीण भिंतींच्या खोलीत न्यावयाचा. तेथे तो कर्ण्यातून काढावयाचा. भिंतींनी परतवलेला आवाज दुसऱ्या मायक्रोफोनने टिपावयाचा. आणि हवा तेवढाच मूळ आवाजात मिसळावयाचा. एका खोलीत उभ्या असलेल्या नटाला दुसऱ्या खोलीच्या भिंती उसन्या देण्याचा हा प्रकार होय. पुढे १९५७ साली ‘ईएमटी १४०’ हे जर्मन यंत्र आले. त्यात खोलीचीही गरज उरली नाही. सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि केवळ अर्धा मिलिमीटर जाड असा पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगलेला; त्याला आवाजाने कंप द्यावयाचा आणि तो कंप टिपावयाचा. १९७६ साली त्याच संस्थेने आकडेमोडीने अनुरणन घडवणारे यंत्र काढले. आज तर एखाद्या मंदिरात केलेल्या क्षणिक स्फोटाचे मुद्रण घेऊन, त्या मंदिराचा घुमारा कोणाच्याही आवाजास संगणकावर चढवता येतो.

साधन इतके सुलभ झाले म्हणजे विवेकाची गरज वाढते. तो विवेक कोणत्या तत्त्वावर करावा? रूडॉल्फ आर्नहाइम याने नभोवाणीच्या कलेवर जो ग्रंथ लिहिला, आणि ज्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली प्रसिद्ध झाले, त्यात नभोवाणीचे आंधळेपण हे तिचे वैगुण्य नसून सामर्थ्य आहे असा त्याचा पक्ष आहे. ध्वनीचे अंतर आणि स्थळाचे अनुरणन यांना तो या कलेच्या खास साधनांत गणतो. हा पक्ष मला मान्य आहे. मात्र त्यातून एक उपसिद्धांत निघतो, तो विसरता कामा नये. जो श्रोता पाहू शकत नाही, त्याला स्थळाविषयी जे सांगावे ते सगळे तो खरे मानतो. रंगभूमीवरचा रंगवलेला राजवाडा खोटा आहे हे प्रेक्षकास दिसत असते. ऐकू येणाऱ्या राजवाड्याचा खोटेपणा पडताळण्यास श्रोत्याजवळ काहीच नसते.

दोन नाटकांच्या आधारे हे स्पष्ट करतो. रिचर्ड ह्यूज याचे ‘डेंजर’ हे नाटक १५ जानेवारी १९२४ रोजी लंडनहून ध्वनिक्षेपित झाले. खास नभोवाणीसाठी लिहिलेल्या पहिल्या नाटकांत त्याची गणना होते. कोळशाच्या खाणीत काही पाहुणे उतरले आहेत, दिवे विझतात, आणि पाणी चढू लागते. श्रोत्यांनीही दिवे मालवून हे नाटक ऐकावे असे सुचवण्यात आले होते. पात्रांचा अंधार आणि श्रोत्याचा अंधार एक करण्याची ही कल्पना मोठी समर्पक आहे. पण खाणीच्या भुयारात शब्द घुमला पाहिजे. पात्रांना भिंती दिसत नाहीत, तेव्हा त्यांना आणि आपल्याला त्या कळण्याचा ध्वनी हाच एक मार्ग आहे. येथे अनुरणन अलंकार नाही, ते कथानकाचाच भाग आहे. भिंती किती जवळ आहेत, यावर त्या माणसांचे जगणे अवलंबून आहे.

दुसरे नाटक सॅम्युअल बेकेट याचे ‘ऑल दॅट फॉल’. बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर १३ जानेवारी १९५७ रोजी डोनल्ड मॅकविनी याच्या दिग्दर्शनाखाली ते प्रथम झाले. मिसेस रूनी नावाची वृद्ध स्त्री आपल्या आंधळ्या नवऱ्याला आणावयास खेड्यातील वाटेने पायपीट करीत स्टेशनवर जाते, आणि दोघे त्याच वाटेने परततात. हा बहुतेक व्यवहार उघड्या रस्त्यावरचा आहे. आणि उघड्यावर अनुरणन नसते. शब्द तोंडातून निघतो आणि जातो, त्याला परतवणारे कोणी नसते. पडद्यांनी मढवलेली जी निर्जीव खोली संगीतकारांना नकोशी झाली, तीच नभोनाट्यात मोकळ्या माळाचे काम करते. मिसेस रूनीच्या बोलण्याला जगाकडून उत्तर मिळत नाही, हे या नाटकाचे दुःख आहे. तिच्या शब्दाला घुमारा दिला तर भिंती उत्तर देऊ लागतील, आणि ते दुःखच नाहीसे होईल. अनुरणन न वापरणे हाही त्याचा एक वापर आहे, हे येथे ध्यानी येते.

आता आपल्या श्रुतिकांकडे पाहू. पौराणिक श्रुतिकेत आकाशवाणी व्हावयाची असली की तिला भरघोस घुमारा द्यावयाचा, असा जणू दंडकच पडला आहे. वस्तुतः आकाशाला भिंती नाहीत. आकाशातून आलेली वाणी घुमण्याचे काही कारण नाही. आपण ऐकतो तो घुमारा आकाशाचा नसून गाभाऱ्याचा आहे, आणि देवत्वाची आपली कानांची ओळख गाभाऱ्यातली असल्याने आपण तो निमूटपणे स्वीकारतो. संकेत म्हणून हे क्षम्य आहे. पण संकेताने नाट्य मारले जाते, त्याचे काय? कंस देवकीची वरात स्वतः हाकीत आहे, रस्ता मोकळा आहे, वाद्ये वाजत आहेत, आणि त्यात तो शब्द येतो. त्यातील भय आवाजाच्या भव्यतेत नाही. तिचा आठवा पुत्र तुझा काळ होईल, या निर्विकार माहितीत आहे. ती वाणी कोरडी, अगदी कंसाच्या कानाशी बोलल्यासारखी ऐकवली, तर श्रोत्याच्या अंगावर काटा उभा राहील. घुमाऱ्याने तो केवळ हात जोडील.

यासंबंधी आपल्या साहित्यशास्त्रात एक नेमकी उपमा पूर्वीच येऊन गेली आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त व्यंग्यार्थाचा एक प्रकार घंटेच्या अनुरणनासारखा सांगितला आहे. घंटेवर टोल पडतो आणि त्यामागून नाद रेंगाळतो. तसा वाच्यार्थामागून दुसरा अर्थ क्रमाने उमटतो. या उपमेत एक अट गृहीत आहे. नाद घंटेचा असतो, बाहेरून आणून जोडलेला नसतो. हीच कसोटी आपल्या विषयास लावावी. प्रसंगातून उमटलेले अनुरणन ध्वनी होय. प्रसंगावर चढवलेले ते केवळ आवाज होय.

ही कसोटी नाटकापुरती राहिली असती तर इतके लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु कवितावाचनाला, निवेदनाला, प्रवचनाला आणि पुढाऱ्यांच्या भाषणालाही आज हाच घुमारा सर्रास चढवला जातो. सामान्य विचार त्यामुळे गंभीर वाटतो आणि सामान्य माणूस मोठा वाटतो. भव्य दालनात बोलण्याचा मान पूर्वी मिळवावा लागे. आता ते दालन एका कळीसरशी आवाजाभोवती उभे राहते. ज्याला पाहता येत नाही अशा श्रोत्याशी बोलणाऱ्याने निदान आपण कोठून बोलतो याविषयी तरी त्याची दिशाभूल करू नये. नभोवाणीने माणसाचा आवाज आपल्या घरात, आपल्या शेजारी आणून बसवला, हे तिचे खरे दान आहे. त्या आवाजाला पुन्हा उंच घुमटाखाली नेऊन ठेवणे म्हणजे ते दान परत घेणे होय.