गंगाळ आणि रुमाल

अखेरच्या भोजनाची रात्र म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर मोडलेली भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला उभा राहतो. मत्तय, मार्क आणि लूक यांनी ते चित्र मनावर कोरूनच ठेवले आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय उघडावा, तर त्याच रात्रीच्या वर्णनात तो विधी नाहीच. तिथे आहे पाण्याचे गंगाळ, कंबरेला बांधलेला रुमाल आणि वाटेच्या धुळीने मळलेली पावले.

या प्रसंगातली कृतींची चाल सावकाश आस्वादावी अशी आहे. येशू भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्रे उतरवून ठेवतो, रुमाल घेतो, तो कंबरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो, शिष्यांचे पाय धुऊ लागतो, पुसू लागतो. विश्वासघात दाराशी येऊन ठेपला आहे, अटकेला काही घटकाच उरल्या आहेत. लेखणीला मात्र कसलीही घाई नाही. पाहुण्याचे पाय धुणे हे त्या काळी दासाचे काम, तेही पाहुणा आल्याआल्या करायचे. इथे जेवण सुरू झाले तरी त्यासाठी कोणी उठलेले नाही, हे योहान उघड सांगत नाही. ते आपल्याला जाणवते, आणि न उठलेल्यांच्या त्या पंगतीत आपणही बसलेलो आहोत असे वाटू लागते.

आता थोडे मागे जाऊन आधीचे विधान पाहू. पित्याने सर्व काही आपल्या हाती सोपवले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडेच चाललो आहोत, हे येशूला ठाऊक होते, असे योहान सांगतो. इतक्या उत्तुंग जाणिवेनंतर एखाद्या अद्भुत चमत्काराची अपेक्षा करावी, तर ज्या हातांत सर्व काही आले ते हात रुमालाकडे वळतात! थोरवी विसरून केलेली ही सेवा नव्हे. ती थोरवीतूनच उमललेली आहे. श्रद्धेचे सारे आकाश योहानाने एका घरकामात उतरवले आहे, आणि त्याने त्या आकाशाची उंची तसूभरही कमी झालेली नाही.

पेत्राचे चित्र तर किती लोभस! आधी ठाम नकार, मग पायच काय, हात आणि डोकेही धुवावे असा हट्ट. सेवा करण्याहून ती स्वीकारणे जड जाते, हे त्याच्या भाबड्या गडबडीतून हसतहसत कळते. विश्वासघात करणारा यहूदाही अजून तिथेच आहे, तो रात्रीच्या अंधारात बाहेर पडणार आहे तो यानंतर. गंगाळ त्याच्या पावलांशी आले तेव्हा काय घडले, यावर योहान मौन पाळतो, आणि त्या मौनाशी आपण सर्वाधिक रेंगाळतो.

याच ग्रंथात एक अध्याय आधी बेथानीच्या मरीयेने येशूच्या पायांना जटामांसीचे सुगंधी तेल लावून ते केसांनी पुसले होते. घर दरवळून गेले होते. जे प्रेम पायांवर झेलले, तेच आता त्याच्या हातांतून पुढे वाहते आहे. आणि २१ व्या अध्यायात, मरणावर मात करून आलेला येशू सरोवराकाठी कोळशाच्या विस्तवावर मासळी आणि भाकर तयार ठेवून, रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. पुनरुत्थानानंतरही चूल सुटलेली नाही!

पाय धुऊन झाल्यावर येशू पुन्हा वस्त्रे घालून बसतो. आता तुम्ही माझे पाय धुवा, असे तो म्हणत नाही. एकमेकांचे धुवा, म्हणतो. गुरूचे ऋण असे शेजाऱ्याकडे वळते. २०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीन बंदिवानांचे पाय धुतले, त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. शेजारी म्हणावे तरी किती दूरपर्यंत, याला त्या शिकवणीत कुंपणच नाही. म्हणून हे ऋण फेडताना संपत नाही, आणि ते संपू नये, यातच या प्रसंगाची खरी गोडी आहे.