'गॉडझिला व्हर्सेस काँग'मधील पोकळ पृथ्वी : एका आक्षेपाचा विचार

अ‍ॅडम विंगार्ड दिग्दर्शित 'गॉडझिला व्हर्सेस काँग' (२०२१) या चित्रपटातील 'पोकळ पृथ्वी'चा भाग हास्यास्पद ठरवून बाजूला सारला जातो. भूगर्भात डोंगर, अरण्ये व श्वापदे असू शकत नाहीत, सबब ही कल्पना बालिश होय, असे आक्षेपाचे स्वरूप आहे. त्याचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. १७९८ मधील कॅव्हेंडिशच्या प्रयोगावरून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे साडेपाच पट निघाली. १९०६ मध्ये ओल्डहॅमने भूकंपलहरींवरून गाभ्याचे अस्तित्व दाखविले. १९३६ मध्ये इंगे लेहमन यांनी त्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे मांडले. पोकळीला जागा उरत नाही. तथापि, यावरून उत्तरार्ध सिद्ध होत नाही.

मुळात ही कल्पना हॉलिवूडची नव्हे. होकायंत्राची दिशा कालपरत्वे का बदलते, याचा उलगडा करताना एडमंड हॅलीने १६९२ मध्ये एकात एक फिरणारी कवचे कल्पिली व आत प्रकाश आणि जीवसृष्टी असू शकेल असेही सुचविले. अनुमान चुकले, पण ते निरीक्षणातून निघाले होते. विज्ञानाने टाकून दिलेली ही कल्पना पुढे कादंबरीने सांभाळली. ज्यूल व्हर्नची भूगर्भप्रवासाची कादंबरी १८६४ ची आहे. सदर चित्रपट याच परंपरेत बसतो, आणि त्याचे मूल्यमापन भूगोलाच्या उत्तरपत्रिकेप्रमाणे करणे गैर आहे.

खरा प्रश्न असा की, त्या जगाचे कथेत काम काय? चित्रपटाच्या आरंभी काँग एका घुमटाखाली कोंडलेला आहे. वर दिसते ते आकाश बनावट. त्याने फेकलेला वृक्षाचा भाला त्या आकाशात रुततो. स्कल बेट वादळाने गिळले आहे. पुढे तो कर्णबधिर मुलीशी खुणांच्या भाषेत बोलतो, तेव्हा 'घर' ही खूण करतो. अंटार्क्टिकातून तो खाली उतरतो, तेथे डोक्यावर आकाशच नाही. दुसरी जमीन उलटी पसरलेली आहे. दोन्हींच्या मध्ये गुरुत्वाकर्षण पालटते व काँग एका भूमीवरून दुसरीकडे झेप घेतो. खोट्या आकाशातून सुटलेल्याला आकाशाविना मोकळीक मिळते. ही रचना योगायोगाची वाटत नाही. दगडी दारावरील पंजाच्या ठशात त्याचा हात बसतो, आत पूर्वजांचे सिंहासन असते. १९३३ च्या 'किंग काँग'मध्ये परक्या शहरात मरणाऱ्या या प्राण्याला येथे वंश आणि इतिहास लाभतो. शहरात इमारती त्याचे माप ठरवितात. येथे डोंगर त्याच्या मापाचे आहेत.

दोष आहेतच. कंपनीच्या ऊर्जाशोधाचे कथानक कंटाळवाणे आहे, आणि त्याच्या घाईपायी हे जग फार लवकर आटोपते. प्रेक्षक नीट पाहू लागतो न लागतो तोच गॉडझिला हाँगकाँगहून थेट खालपर्यंत भोक पाडतो व सगळे पुन्हा वर येतात. टीका करावयाची तर या घाईवर करावी. २०२४ च्या 'गॉडझिला एक्स काँग : द न्यू एम्पायर'मध्ये विंगार्डनेच ती उणीव बरीच भरून काढली, तेथे भूगर्भातील वानरांचे दीर्घ प्रसंग जवळजवळ संवादाविना चालतात, आणि काँग वर येतो तो किडलेल्या दाताच्या उपचारासाठी.