आंतरराष्ट्रीय संबंधांचे शालेय अध्यापन : एक चिकित्सा

लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या उपक्रमात पदवीचे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून हायस्कूलमध्ये आंतरराष्ट्रीय संबंध शिकवितात. अशा अध्यापनास केनेथ वॉल्ट्झ यांनी १९५९ मध्ये मांडलेली व्यक्ती, राज्य व आंतरराष्ट्रीय व्यवस्था ही त्रिस्तरीय चौकट उपयुक्त ठरते. कारण ती माहितीपेक्षा कारणमीमांसेवर भर देते. तथापि मोजक्या तासिकांत चौकट पाठ होऊन प्रश्न मागे राहण्याचा धोका संभवतो. १९९४ मध्ये अमलात आलेल्या नाफ्टा कराराचे मेक्सिकोतील मका-उत्पादकांवरील परिणाम हा स्थलांतरित कुटुंबांत घरचाच विषय असू शकतो. या अनुभवास पुराव्याचे स्थान न मिळाल्यास अध्यापनाचा लाभ प्रामुख्याने स्वयंसेवकाच्याच पदरी पडतो. म्हणून उपक्रमाचे मूल्यमापन शाळकरी विद्यार्थ्यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नांवरून होणे अगत्याचे आहे.