सहा वाक्यांतला वैमानिक

जानेवारी २००२. अमेरिकेतल्या फिनिक्स विमानतळावर ८६ वर्षांच्या एका प्रवाशाला सुरक्षा कर्मचाऱ्यांनी बाजूला घेतलं. त्याच्या छातीत पेसमेकर होता, त्यामुळे धातुशोधक कमानीखालून तो जाऊ शकत नव्हता. झडतीत त्याच्याकडे पाच टोकांचा एक धातूचा तारा सापडला. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला जेमतेम चार महिने झाले होते. टोकदार वस्तू दिसली की शंका घ्यायची, हे त्या कर्मचाऱ्यांचं कामच होतं. पण हातात आलेली वस्तू नेमकी काय आहे, हे त्यांच्यापैकी कोणालाच ओळखता आलं नाही.

ते होतं मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक. प्रवासी होता जो फॉस. दुसऱ्या महायुद्धात मरीन कोअरचा वैमानिक म्हणून त्याने शत्रूची २६ विमानं पाडली होती. पुढे तो साउथ डकोटा राज्याचा गव्हर्नर झाला आणि त्यानंतर नॅशनल रायफल असोसिएशनचा अध्यक्ष. त्या प्रवासात वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या तरुणांसमोर तो बोलणार होता आणि पदक त्यांना दाखवायचं म्हणून बरोबर घेतलं होतं. नंतर त्याने सांगितलं की वाईट वाटलं ते स्वतःसाठी नाही, पदकासाठी.

पदक वाचायचं तर त्याच्यासोबतचं प्रशस्तिपत्र वाचावं लागतं. १८ मे १९४३ रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी फॉसला हे पदक दिलं. त्याच्या प्रशस्तिपत्राचा इंग्रजी मजकूर अवघ्या सहा वाक्यांचा आहे. सरकारी भाषा, ठरलेला साचा. तरीही मी तो अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्यात नवं काही सापडलं आहे.

पहिलं वाक्य अपूर्ण आहे. कर्तव्याच्या पलीकडच्या शौर्याबद्दल, असं म्हणून ते सुरू होतं आणि क्रियापदाशिवायच थांबतं. त्यात फॉसची ओळख येते: पॅसिफिक महासागरातल्या ग्वाडलकॅनाल बेटावरच्या १२१ क्रमांकाच्या मरीन लढाऊ स्क्वाड्रनचा एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. वीराची ओळख हुद्द्याने आणि तुकडीने करून दिली आहे. माणूस आधी कोणाचा तरी आहे, मग एकटा.

दुसरं वाक्य तारखांचं. ९ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर १९४२, जवळजवळ रोजची झुंज, २३ विमानं पाडली. दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजलं तर हे ४२ दिवस होतात. ९ ऑक्टोबरला हे स्क्वाड्रन ‘कोपाही’ या छोट्या विमानवाहू जहाजावरून उडून त्या बेटावरच्या हेंडरसन फील्ड या धावपट्टीवर उतरलं. चारच दिवसांनी फॉसने पहिलं विमान पाडलं आणि त्याच उड्डाणात बंद पडलेल्या इंजिनानिशी, पाठलागावर जपानी झीरो लढाऊ विमानं असताना, तो धावपट्टीवर उतरला. यातलं काही या वाक्यात नाही. पण त्यापुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. आणखी काही विमानांचं इतकं नुकसान केलं की त्यांचा नाश ‘अत्यंत संभवनीय’ आहे, असं तिथे म्हटलं आहे. युद्ध ऐन भरात होतं, देशाला वीर हवा होता, आकडा फुगवायला कोणीही अडवलं नसतं. तरी लिहिणाऱ्याने ‘पाडली’ आणि ‘बहुधा पडली असावीत’ यांच्यामध्ये रेघ ओढली. गौरवाच्या मजकुरात हा काटेकोरपणा टिकतो, तिथे आधीच्या २३ वरचा विश्वासही दुणावतो.

तिसरं वाक्य घाईघाईने ओलांडलं जाण्यासारखं आहे. या काळात त्याने टेहळणी करणाऱ्या, बॉम्ब टाकणाऱ्या आणि छायाचित्रं घेणाऱ्या विमानांना, तसंच जहाजांना संरक्षण दिलं, एवढंच ते सांगतं. पण यातल्या ‘छायाचित्रं घेणाऱ्या’ या शब्दांपाशी थांबावं. २६व्या वर्षी फॉस लढाऊ वैमानिक व्हायला गेला, तेव्हा त्याचं वय जास्त ठरवून त्याला छायाचित्रणाच्या प्रशिक्षणाला धाडण्यात आलं होतं. मागे लागून, मिळेल तेव्हा उड्डाणं करून त्याने वाइल्डकॅट या लढाऊ विमानावर हात बसवला. ज्या कामावर त्याला कायम ठेवायचं ठरत होतं, त्याच कामावरच्या विमानांची राखण करताना तो या वाक्यात दिसतो. लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेलही, वाचणाऱ्याला ठाऊक असलं की वाक्य उजळतं.

चौथ्या वाक्यात तारीख एकदम १५ जानेवारी १९४३वर उडी घेते. मधले आठ आठवडे गाळलेले आहेत. त्या गाळलेल्या जागेत मलेरिया आहे, न्यू कॅलेडोनिया आणि सिडनीतली विश्रांती आहे. त्याआधी ७ नोव्हेंबरला मलाइता बेटाजवळ त्याचं विमान समुद्रात उतरलं, बुडत्या कॉकपिटमधून तो कसाबसा सुटला आणि बेटावरच्या मिशनच्या लोकांनी त्याला वाचवलं. तेही या मजकुरात नाही. प्रशस्तिपत्रं सहसा पडण्याची नोंद ठेवत नाहीत. मला ही उणीव वाटते. आजारातून उठून तो पुन्हा ग्वाडलकॅनालवर गेला, हे शौर्य पाडलेल्या विमानांपेक्षा लहान नव्हतं.

१५ जानेवारीला आणखी तीन. बेरीज २६. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच एडी रिकनबॅकर यानेही २६ विमानं पाडली होती. इथे मजकूर म्हणतो, ‘या युद्धात’ याला तोड नाही. एका छोट्या शब्दाने जुन्या वीराची जागा जिथल्या तिथे राहिली. मान देताना दुसऱ्याचा काढून घ्यायचा नाही, ही रीत आहे.

आणि मग पाचवं वाक्य, या लेखनाचा कळस. २५ जानेवारीला आठ वाइल्डकॅट आणि चार पी-३८ विमानं घेऊन फॉस कित्येक पट मोठ्या जपानी ताफ्याला सामोरा गेला. शत्रूची चार लढाऊ विमानं पडली आणि बॉम्बफेकी विमानं एकही बॉम्ब न टाकता माघारी वळली. इथे बेरीज पुन्हा करून पाहा. २३ आणि ३, एकूण २६. म्हणजे २५ जानेवारीला फॉसच्या स्वतःच्या खात्यात एकही विमान जमा झालेलं नाही. संपूर्ण मजकुरात सर्वांत लांब, सर्वांत भारदस्त वाक्य मिळालं आहे ते या दिवसाला.

त्या दिवशी झीरो विमानं खाली खेचण्यासाठी आमिष दाखवत होती, पण फॉसने उंची सोडली नाही. वाइल्डकॅटला सहा मशीनगन असत, प्रत्येकीला २४० गोळ्या. सलग झाडल्या तर वीस सेकंदांच्या आत पेटी रिकामी. लहानपणापासून शिकार केलेल्या माणसाला गोळी कधी झाडायची नाही, हे आधी कळतं. मजकूर ‘तुटून पडला’ अशा अर्थाचं क्रियापद वापरतो. मला त्यात दिसतो तो त्याचा संयम. न पडलेले बॉम्ब मोजायची सोय कोणत्याही खातेवहीत नसते, या वाक्याने ती केली.

सहावं वाक्य विशेषणांचं आहे आणि तेच सर्वांत फिकं आहे. विलक्षण, स्फूर्तिदायी, अदम्य हे शब्द कोणाच्याही प्रशस्तिपत्रात बसतात. दुसरं एक न्यून मोठं आहे: पडलेल्या विमानांतही माणसं होती, आणि त्यांच्यासाठी या सहा वाक्यांत एक शब्दही नाही. युद्धकाळातल्या कागदाकडून ती अपेक्षा करू नये, पण आज वाचताना ती जागा रिकामी दिसते.

हा मजकूर वाचून झाला की फॉसचं पुढचं आयुष्य वेगळं दिसू लागतं. १९५५ ते १९५९ तो रिपब्लिकन पक्षाचा गव्हर्नर होता. १९५८मध्ये तो अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीत उभा राहिला आणि हरला, तोही दुसऱ्या एका वैमानिकाकडून. जॉर्ज मॅकगव्हर्न याने युरोपात बी-२४ बॉम्बफेकी विमान घेऊन ३५ मोहिमा केल्या होत्या, आणि हाच माणूस पुढे व्हिएतनाम युद्धाचा कडवा विरोधक झाला. एकाच गवताळ राज्यातले, एकाच युद्धाचे दोन वैमानिक राजकारणात दोन टोकांना गेले. विमानातून जग सारखंच दिसतं, त्यातून काढायचा अर्थ ज्याचा त्याचा.

१९८८मध्ये फॉस रायफल असोसिएशनचा अध्यक्ष झाला. त्याच्या कारकिर्दीत, १७ जानेवारी १९८९ रोजी, कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनच्या शाळेच्या मैदानावर एका बंदूकधाऱ्याने पाच मुलांचा जीव घेतला आणि बंदुकीवरचे निर्बंध हा देशाचा वाद झाला. फॉसची संघटना निर्बंधांच्या विरोधात उभी राहिली. वीज नसलेल्या शेतघरात वाढलेल्या मुलाला बंदूक हे विळ्या-कोयत्यासारखं घरचं अवजार वाटणं मला समजतं. परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला मनाई करणाऱ्या ब्रिटिशांच्या १८७८च्या शस्त्र कायद्याचा सल ज्या देशाने सोसला, तिथल्या वाचकालाही शस्त्र आणि स्वातंत्र्य यांचा संबंध परका नाही. तरी मला त्याचं मत पटत नाही. अमेरिकी राज्यघटनेच्या १७९१च्या दुसऱ्या दुरुस्तीत एकच वाक्य आहे. त्याच्या पूर्वार्धात सुनियंत्रित लोकसेना आहे, उत्तरार्धात शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क. फॉसच्या बाजूचे लोक उत्तरार्धावर जोर देत आले. त्याचं स्वतःचं प्रशस्तिपत्र मात्र पूर्वार्धाचं सर्वांत सुंदर उदाहरण आहे: हुद्दा, तुकडी, मोजक्या गोळ्या, आणि मोह आवरून राखलेली उंची. मतभेद असूनही या माणसाबद्दलचा माझा आदर कमी होत नाही, तो या सहा वाक्यांमुळे.

१ जानेवारी २००३ रोजी फॉस गेला. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला पुरलं आहे, आणि बारा वर्षांच्या ज्या पोराने साउथ डकोटातल्या सू फॉल्सजवळ वैमानिक लिंडबर्गला विमानासह पाहिलं होतं, त्याचंच नाव आज सू फॉल्सच्या विमानतळाला आहे.

वाचकांना एक विनंती. आपल्याकडेही अशी प्रशस्तिपत्रं आहेत. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर नॅट विमानातून पाकिस्तानी सेबर विमानांशी लढताना कामी आलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों हे भारतीय वायुदलातले एकमेव परमवीर. त्यांचं प्रशस्तिपत्र एकदा सावकाश वाचा. तारखा जोडून पाहा, गाळलेल्या जागा शोधा, आकडे मोजा. पदक कोणाच्या हाती आलं तर ते ओळखता यावं, एवढं तरी आपण या माणसांचं देणं लागतो.