कोर्लईच्या किल्ल्यावर १५२१ आलं कुठून?

पीएचडीच्या तयारीत असलेले बरेच जण मला विचारतात, "कोकणावर काहीतरी करायचंय, विषय सुचव ना." मी उलट विचारतो, कोकणातलं काय काय पाहिलंयस? उत्तरं जवळजवळ ठरलेली असतात. जंजिरा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जमलं तर अलिबागचा कुलाबा. म्हणजे 'कोकणातील ऐतिहासिक प्रेक्षणीय स्थळे' या मथळ्याखाली जे लेख, पुस्तिका आणि व्हिडिओ फिरत असतात, त्यांचीच यादी. विषय आपण निवडला असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तो या यादीने आपल्यासाठी आधीच निवडलेला असतो.

म्हणून आज एखाद्या ग्रंथाचं नाही, या यादीचंच परीक्षण करायचं म्हणतोय. सगळा किनारा घेतला तर तुम्हीही कंटाळाल आणि मीही, तेव्हा एकच नोंद घेऊ: कोर्लईचा किल्ला.

नोंदीचा साचा तुम्हाला माहीत आहेच. अलिबाग-मुरुड रस्त्यावर, कुंडलिका खाडीच्या मुखाशी, समुद्रात घुसलेल्या डोंगरावर हा किल्ला. पोर्तुगीजांनी १५२१ साली बांधला. वरून विहंगम दृश्य दिसतं. खाली दीपगृह आहे. पाणी बरोबर ठेवा. यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. बाकीचं तपासू.

खाडीच्या उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला कोर्लई. रेवदंड्याच्या मागे, आत, जुनं चौल. पोर्तुगीज काळात चौल दोन होती: आतलं वरचं चौल निजामशाहीचं, आणि समुद्रालगतचं खालचं चौल, म्हणजे आजचं रेवदंडा, पोर्तुगीजांचं. अहमदनगरच्या निजामशहाची परवानगी घेऊन पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला तो या खालच्या चौलात. कोर्लईचा डोंगर त्या वेळी त्यांच्या ताब्यात नव्हता. पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने खालच्या चौलाला वेढा घातला, पण ते पडलं नाही. मग १५९०च्या दशकात निजामशाहीने समोरच्या डोंगरावर तटबंदी उभारली. हेतू उघड होता. तिथून पोर्तुगीज शहर तोफेच्या टप्प्यात येतं आणि बंदरात शिरणारं जहाजही. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून तो डोंगर घेतला आणि मग त्याचा किल्ला स्वतःच्या सोयीने वाढवला. आज वर दिसणारं बरंचसं बांधकाम त्यांचं आहे, ते खरं. पण यादी सांगते त्याच्या हे जवळजवळ उलट झालं. पोर्तुगीजांनी बांधला म्हणून जो सांगतात, तो सुरुवातीला पोर्तुगीजांविरुद्ध बांधला गेला होता.

मग १५२१ आलं कुठून? माझा अंदाज असा. जुन्या इंग्रजी लेखनात १५२१ हे साल 'चौलच्या किल्ल्या'चं म्हणून येतं. कोर्लईच्या डोंगराला पोर्तुगीज 'मोरो दे चौल' म्हणत, म्हणजे चौलचा डोंगर. आज गाडी करून जाणाऱ्याला मात्र उठून दिसणारा किल्ला एकच, डोंगरावरचा. रेवदंड्याच्या तटातून तर डांबरी रस्ताच जातो. आपण किल्ल्यात शिरलो आणि बाहेर पडलो हे बसमधल्या निम्म्या लोकांना कळतही नाही. 'चौल' हे नाव दोन्हींना लागू, त्यामुळे एका काठाचं साल खाडी ओलांडून दुसऱ्या काठावर जाऊन बसलं. कुणीतरी एकदा लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं.

तुम्ही म्हणाल, सत्तर वर्षांचा फरक, एवढं काय? पाठचिकित्सा शिकलेल्यांनी हा प्रश्न विचारू नये. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली तेव्हा शेकडो हस्तलिखितं समोर होती, आणि कोणतं हस्तलिखित कोणत्या घराण्यातलं हे ठरवताना त्यांतल्या सारख्या पाठांचा, सारख्या भरींचा उपयोग होतो. यादीलाही तेच लावा. दहा लेखांत १५२१ सापडलं तर तुमच्याकडे दहा साक्षीदार नाहीत. एकच साक्षीदार आणि नऊ नकला आहेत. जंजिऱ्याच्या बुरुजांचंही असंच. एका यादीत १९, दुसरीत २२, तिसरीत आणखी वेगळे. बोटीतून उतरून मोजायचे कष्ट कोणी घ्यायचे?

साल सुधारता येतं. त्याहून अडचणीची गोष्ट ते 'विहंगम दृश्य'. यादीला वरून दिसणारं पाणी फोटोपुरतं लागतं. खरं तर त्या डोंगरावर चढायचं तर याच पाण्यासाठी. इथे १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाचं आरमार आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा तिच्यात मारला गेला. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये या बंदराचं नाव 'सेमिल्ला' असं येतं. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये 'चेमुल'चे लोक आहेत. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसुदी इथे येऊन गेला, त्याचं 'सैमूर' ते हेच. पंधराव्या शतकात रशियातून निघालेला व्यापारी अफानासी निकितीन हिंदुस्थानात उतरला तो इथे. इतक्या लोकांनी आपापल्या जिभेला वळेल तसं ज्याचं नाव लिहून ठेवलं, त्या चौलला यादीत नारळ-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराचं देऊळ आणि दत्ताची टेकडी एवढीच जागा मिळते.

यादीचं एकक 'वास्तू' आहे, खरा दोष तिथे आहे. एक ठिकाण, एक परिच्छेद, एक फोटो. बंदर असं तुकड्यांत मावत नाही. कोर्लई, रेवदंडा आणि चौल ही तीन स्थळं म्हणून वाचली तर तीन किरकोळ नोंदी होतात. खाडी हे एकक धरलं तर डोंगर, शहर, वाड्या, गाळ, सगळं एकाच वाक्यात येतं. जोसे गेर्सन द कुन्हा या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरने १८७६ मध्ये चौल आणि वसईवर जे पुस्तक लिहिलं, ते म्हणूनच अजून वाचावंसं वाटतं. पेशाने वैद्य, पण त्याला चौल एका जागी दिसलं.

आता यादी ज्याच्याकडे बघतच नाही त्याबद्दल. किल्ल्याखालच्या कोर्लई गावातले ख्रिस्ती लोक घरात जी भाषा बोलतात तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. पोर्तुगीज शब्दसंग्रहातून घडलेली, मराठीच्या शेजारात वाढलेली, क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी नेणारी. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज निघून गेले, भाषा राहिली. बोलणारे साधारण हजारभर. जे. क्लान्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलंय. धर्म आणि जात या दोन्हींमुळे हा समाज आजूबाजूच्यांपासून वेगळा पडला आणि म्हणून भाषा टिकली, असं त्यांच्या मांडणीचं सार. वरच्या तटातला एकही दगड एवढं बोलत नाही.

आणि अलिबागच्या परिसरातच बेने इस्रायली समाजाची जुनी गावं. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. त्यांची आडनावं बघा: नवगावकर, किहीमकर, चेऊलकर. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा आठवतो? तो नट डेव्हिड, पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलचं नाव त्या सिनेमात होतं, फक्त श्रेयनामावलीत पूर्ण लिहिलेलं नव्हतं.

यादी करणाऱ्यांवर मी फारच घसरलो का? थोडं त्यांच्या बाजूचंही बोलायला हवं. किल्ले फिरणाऱ्या मंडळांनी झाडोरा काढला, वाटा शोधल्या, लोकांना तिथवर नेलं. विद्यापीठांनी यातलं फारसं काही केलेलं नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थळांमध्ये बारा किल्ले घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या किनाऱ्याचे. आनंदाचीच गोष्ट आहे. पण यापुढे तुमच्यापैकी ज्यांना कोकणावर काम करायचंय त्यांचे डोळे आणखीच या चार नावांवर खिळणार, हेही दिसतंय.

मग नौ लिंग यादीत घालावी का? इथे मी अडतो. उद्या कोर्लईच्या नोंदीत 'पोर्तुगीज बोलणारं गाव' अशी ओळ आली, तर शनिवार-रविवारी कोणाच्याही अंगणात मोबाइल धरून "काहीतरी बोलून दाखवा" म्हणणारे येतील. तट गर्दी सहन करतो, अंगण करत नाही. यादीत न येण्याने त्या गावाचं थोडं रक्षणच झालंय असंही मला कधीकधी वाटतं, आणि तसं वाटलं की वरचा सगळा युक्तिवाद जरा डळमळतो. यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

जाणार असाल तर एवढं करा. आधी १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमधलं चौल वाचून घ्या. सुरुवात चौलपासून करा, मग रेवदंड्याच्या तटाला चालत वळसा घाला, सातखणी मनोरा बघा, पूल ओलांडा आणि कोर्लईचा डोंगर शेवटी चढा. वर पोचलात की समुद्राकडे पाठ करून खाडीकडे तोंड करा. तोफ कुठे रोखलेली असणार ते लगेच कळतं. गावात गेलात तर वही पिशवीतच असू द्या, आणि पहिल्या फेरीत कोणालाही काही बोलून दाखवायला सांगू नका.