वारे दिसतात, दाखवणारं कुणी नाही

सातवीतल्या भाचीनं परवा ‘वारे’ या धड्यावरचा व्हिडिओ लावला. पडद्यावर पाठ्यपुस्तकाचं पान, त्यावर फिरणारा लाल बाण आणि मागून एक बाई तेच पान मोठ्यानं वाचतायत. उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात, हे वाक्य आलं तेव्हा बाण त्या वाक्याखालून सरकला आणि पुढच्या ओळीवर गेला. वारा काही वळला नाही. भाची मात्र खूश होती, कारण व्हिडिओच्या शेवटी स्वाध्यायाची उत्तरं होती आणि तिला तेवढीच हवी होती.

त्या दिवसापासून सहावी ते आठवीच्या मराठी माध्यमातल्या मुलांना भूगोल आणि इतिहासासाठी इंटरनेटवर काय मिळतं, ते पाहायचा नाद लागला. ‘मराठीत काही नाही’ ही आपली नेहमीची तक्रार. ती खरी नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आणि धड्याधड्यात क्यूआर कोड आहेत, ते 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ अॅपवर नेतात. वाईला सिद्ध झालेला मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे. 2020 च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका लागायची. त्याच्याही आधी, 1984 मध्ये पुण्यात सुरू झालेली बालचित्रवाणी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करत होती. ती पुढे बंद पडली, हा वेगळा आणि दुःखाचा विषय.

तेव्हा माल भरपूर आहे. पण त्यातला निम्म्याहून अधिक दोनच जातींचा वाटतो: एक, पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणारा, दोन, स्वाध्यायाची उत्तरं देणारा. आमच्या वेळी गाईड दप्तराच्या तळाशी लपवावं लागे. आता रात्री आठनंतर वडिलांचा फोन रिकामा झाला की आईच ते लावून देते. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, भौगोलिक कारणे लिहा, सगळं तयार. ज्या धड्यांत प्रश्न पडावेत अशी पुस्तककर्त्यांची धडपड दिसते (बालभारतीच्या भूगोलाच्या पुस्तकांत ती खरोखर दिसते), त्यांचीसुद्धा इंटरनेटवर येईपर्यंत उत्तरपत्रिका झालेली असते.

भाचीला मी दुसरी एक गोष्ट दाखवली. कॅमेरॉन बेकारिओ यांनी 2013 मध्ये ‘अर्थ नलस्कूल’ नावाचा एक फिरता पृथ्वीगोल इंटरनेटवर ठेवला. हवामानखात्यांच्या संगणकी प्रतिमानांतून दर तीन तासांनी येणारी आकडेवारी घेऊन तो जगभरचे वारे बारीक वाहत्या रेषांनी दाखवतो. त्यात जुलैतली एखादी तारीख काढावी आणि हिंदी महासागर समोर आणावा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला वारे आग्नेयेकडून येताना दिसतात. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ते विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या बाजूला वळण घेतात आणि नैर्ऋत्येकडून येऊन कोकणावर आदळतात. दक्षिणेत डावीकडे, उत्तरेत उजवीकडे, हे जे वाक्य लाल बाणानं अधोरेखित केलं होतं ते इथे पाच सेकंदांत समोर घडतं. मग जानेवारीतली तारीख लावावी. तोच समुद्र, आणि वारे ईशान्येकडून.

भाचीला खरा धक्का बसला तो 3 जून 2020 या तारखेला. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. तिच्या आजोळच्या घराचे पत्रे त्यात उडाले होते, हे ती घरात ऐकत आली होती. पडद्यावर रायगडच्या किनाऱ्याशी तो भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरताना तिनं पाहिला आणि विचारलं, ‘उलटाच का?’ अकरा मिनिटांच्या त्या व्हिडिओनं हा प्रश्न तिला पडू दिला नव्हता.

आता यातली मेख सांगतो. तारीख बदलायची तर खालच्या कोपऱ्यातल्या ‘अर्थ’ या इंग्रजी शब्दाला बोट लावावं लागतं, मग इंग्रजी यादी उघडते. कुठल्या उंचीवरचा वारा पाहायचा, तेही इंग्रजीतच. सातवीच्या मुलाला हे एकदा कुणीतरी दाखवावं लागतं. एकदाच. त्यासाठी मराठीत अर्धं पान पुरे: अमुक तारखा पाहा, अमुक ठिकाणी बोट ठेवा, काय दिसलं ते वहीत काढा. हे अर्धं पान मला कुठेही सापडलं नाही. वारे वाचून दाखवणारे व्हिडिओ मात्र मोजायचं मी सोडून दिलं.

भूगोलाच्या बाकीच्या धड्यांचीही गोष्ट थोड्याफार फरकानं हीच. सातवीत समोच्चरेषा येतात आणि पुस्तकात एक मनातली टेकडी काढलेली असते. भारतीय सर्वेक्षण विभागानं (स्थापना 1767) आपले 1:50,000 प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे, म्हणजे आपले टोपोशीट, 2017 पासून उतरवून घेण्यासाठी खुले केले. त्यात दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर आणि समोच्चरेषांमध्ये साधारण वीस मीटरचं अंतर. जुन्नरच्या मुलाला शिवनेरीच्या कड्याशी त्या रेषा कशा एकमेकींना चिकटतात ते दिसेल. तिथलीच मुलं रविवारी त्या कड्याखाली क्रिकेट खेळत असतात. पण सरकारी संकेतस्थळ, नोंदणी, नकाशाचा क्रमांक शोधणं, ही वाट काही मुलांसाठी बांधलेली नाही. इस्रोच्या ‘भुवन’चंही तसंच. 2009 पासून ते आहे, आपल्या उपग्रहांची चित्रं त्यावर आहेत, लोणारचं सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर त्यावर सुंदर दिसतं. पण ते वापरताना पाहुण्यांच्या बैठकीत चुकून शिरलेल्या मुलासारखं वाटतं. गूगल अर्थ हाताळायला सोपं. त्यातली 1984 पासूनची वर्षावर्षांची चित्रं पनवेल-उलव्याच्या भागावर लावली, तर खाडी, खाजण, नवी मुंबईची घरं आणि शेवटी विमानतळासाठी कापलेली उलव्याची टेकडी, असा आठवीचा ‘भूमी उपयोजन’ हा धडा दोन मिनिटांत डोळ्यांपुढून सरकतो.

नकाशाच्या खेळांबद्दल थोडक्यात. जिओगेसरसारखे खेळ मजेचे आहेत, मुलं त्यांत रमतात, देशांची नावं पाठ होतात. फक्त एक सांभाळा: परदेशी नकाशांत काश्मीरची सीमा अनेकदा तुटक रेषेनं दाखवलेली असते. तो नकाशा तसाच वहीत उतरवला तर गुण जातात, आणि घरी भांडण होतं ते वेगळं.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. भूगोलाला चित्र पुरतं. वारा, ढग, नदी पाहायला भाषा लागत नाही, म्हणून परदेशातल्या एका माणसानं केलेलं साधन रत्नागिरीच्या मुलीला चालतं. इतिहासाचं तसं नाही. इतिहास शब्दांचा बनलेला असतो, आणि म्हणूनच मराठी मुलाची खरी उपासमार तिथे होते.

उपासमार म्हणताना मला मराठी इंटरनेटवरचे किल्ले आठवतात आणि शब्द मागे घ्यावासा वाटतो. किल्ल्यांबद्दल मराठीत जे आहे ते अफाट आहे. डोंगर भटकणाऱ्यांनी वाटा, टाकी, तटबंदी, दरवाजे यांची जी नोंद करून ठेवली आहे, ती खात्यांनाही जमली नसती. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यानंतर तर पूरच आला. पण हा सगळा इतिहास दगडाचा आणि तलवारीचा. सातवीच्या पुस्तकात ‘स्वराज्याचा कारभार’ आणि ‘महाराष्ट्रातील समाजजीवन’ असेही धडे आहेत. शेतसारा कसा ठरे, गावचा बलुतेदार काय करी, बाजार कधी भरे, यावर मुलानं काही शोधलं तर पुन्हा स्वाध्यायाची उत्तरंच समोर येतात. ढोलताशांच्या गजरातले व्हिडिओ राज्याभिषेकाशी येऊन थांबतात. दुसऱ्या दिवशी राज्य कसं चाललं, हे त्यांना सांगायचं नसतं.

आणि साधनं नाहीत असंही नाही. त्याच पुस्तकाच्या पहिल्या धड्यात भौतिक, लिखित आणि मौखिक साधनं शिकवतात. राज्याभिषेकापुरतं बोलायचं तर सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदानं लिहिलेली बखर आहे आणि 1674 च्या त्या सोहळ्याला रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाची नोंदही आहे. एक आपल्या धन्याचा इतिहास लिहिणारा दरबारचा माणूस, दुसरा व्यापाराचा करार पदरात पाडून घ्यायला आलेला परका. दोघांच्या लिखाणातल्या तीन-तीन ओळी सोप्या मराठीत समोरासमोर ठेवल्या आणि खाली ‘कोण काय पाहतो आणि काय पाहत नाही?’ एवढंच विचारलं, तर लिखित साधन म्हणजे काय हे पाठ करावं लागणार नाही.

ब्रिटिश काळातली जिल्हा गॅझेटियरं तर माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित खजिना आहे. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे हे खंड, 1882 चा ठाणे, 1883 चा नाशिक, 1885 चे पुणे आणि सातारा, आज इंटरनेटवर वाचता येतात. आठवडी बाजार, पिकं, विहिरी, रस्ते, तालुक्यांची गावं, सगळं त्यांत आहे. आपल्या तालुक्यात तेव्हा कोणती पिकं निघत आणि आज शेतात काय उभं आहे, एवढी तुलना सहावीचं पोरही करेल. अडचण इंग्रजीची. दुसरी अडचण मोठी: जातींबद्दल त्या साहेबांनी जे लिहिलं आहे ते मुलांच्या हाती जसंच्या तसं देण्यासारखं नाही. तिथे शिक्षक मध्ये असलाच पाहिजे.

सहावीच्या प्राचीन इतिहासाचं चित्र आणखी विचित्र आहे. हडप्पाबद्दल 1995 पासून चाललेलं एक उत्तम इंग्रजी संकेतस्थळ आहे, मुद्रा, खेळणी, विटा यांची चित्रं त्यावर मन भरेपर्यंत पाहता येतात. त्याच वेळी आपल्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव, जिथे डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 उत्खनन केलं, तिथल्या शेतकऱ्यांची घरं, धान्याची कोठारं, चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस, यांवर मुलांच्या भाषेतलं एखादं पान शोधताना दमछाक होते. विश्वकोशात माहिती मिळते, पण विश्वकोश मोठ्यांसाठी लिहिला आहे आणि त्यानं तसंच राहावं. तो सहावीच्या मुलापुढे टाकून ‘वाच’ म्हणणं हा विश्वकोशाचा दोष नाही, आपला आळस आहे.

म्हणून नवं अॅप, नवं पोर्टल, नवी मालिका यांची घोषणा झाली की मला आता धास्ती वाटते. पुन्हा कोट्यवधी रुपये जातील आणि पुन्हा लाल बाण फिरेल. चांगली साधनं आधीच आहेत, बहुतेक फुकट आहेत. त्यांच्यापर्यंत मुलाला नेणारा मराठी कागद नाही.

अनेक शिक्षक असे कागद स्वतः करतात, हे मला माहीत आहे. ते वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटात जातात आणि जूनमध्ये नवा गट झाला की हरवतात. त्यांना विनंती आहे: सातवीच्या ‘वारे’ या धड्यासाठी तुम्ही अर्धं पान लिहिलं असेल, तर ते खुलं करा. आणि बालभारतीला विनंती आहे: पुढच्या आवृत्तीत त्या धड्याच्या क्यूआर कोडमागे आणखी एक व्हिडिओ न ठेवता ते अर्धं पान ठेवा.