सूडकथेतील संभाव्यता : ‘इफ टुमारो कम्स’च्या निमित्ताने

सिडनी शेल्डन यांच्या ‘इफ टुमारो कम्स’ (१९८५) या कादंबरीविषयी वाचकांत तीव्र मतभिन्नता आढळते. काहींना ट्रेसी व्हिटनीचा सूड समाधान देतो. इतरांना तो निव्वळ अतर्क्य वाटतो. हा आक्षेप निराधार नाही. पोहता न येणारी ही कैदी तुरुंगाधिकाऱ्याच्या बुडणाऱ्या मुलीला वाचवून शिक्षेतून मुक्त होते. पुढे जहाजावर एका ग्रँडमास्टरची चाल दुसऱ्यासमोर खेळून दोघांशीही बरोबरी साधते.

तथापि, वकील व न्यायाधीश दोघेही टोळीला सामील असून निरपराध स्त्रीला १५ वर्षांची शिक्षा होते, ही आरंभीची घटना सहसा कोणाला खटकत नाही. अन्याय संभाव्य आणि त्याचे परिमार्जन तेवढे असंभाव्य, ही कसोटी कादंबरीपेक्षा वाचकाच्या न्यायव्यवस्थेवरील अविश्वासाविषयी अधिक सांगते. समाधान पावणारा वाचकही त्याच अविश्वासातून सूडाकडे वळतो.

कादंबरीची खरी उणीव वेगळी आहे. सूड लवकर पूर्ण होतो आणि नायिका सराईत चोर बनते. या स्थित्यंतराची नैतिक किंमत मात्र लेखक विचारत नाही. समीक्षेने अतर्क्यतेपेक्षा या मौनाची दखल घेणे अधिक उचित ठरेल.